एकशेसाठ फेऱ्यांचं मिनिट

हिलाल आठ महिने कॉम्प्युटरचा प्रोग्रामर होता आणि त्यानं अजून कॉम्प्युटर पाहिलेला नव्हता.

कॉम्प्युटर मुंबईत होता आणि हिलाल सुरतेत. पलसाण्याच्या एका रंगाई गिरणीत तो नोकरीला होता. तिथल्या एका खोलीत बसून तो ऐंशी रकान्यांच्या कागदावर शिसपेन्सिलीनं ओळी लिहायचा, एका चौकोनात एकच अक्षर. गिरणीचा माणूस शनिवारी ते कागद मुंबईला नेऊन द्यायचा. तिथे कुणीतरी त्यांची भोकं पाडलेली कार्डं करायचं, आणि पुढच्या गुरुवारी उत्तर यायचं, दोन्ही कडांना भोकं असलेल्या लांबलचक घडीच्या कागदावर. कोणतं यंत्र किती तास चाललं, किती तास उभं राहिलं, याचे ते तक्ते असत. हिलाल ते पोथीसारखे उलगडायचा आणि शेवटच्या ओळीपर्यंत पोचेस्तोवर कुणाशी बोलायचा नाही.

सुरतेतल्याच नवागामात तो आईवडलांजवळ राहायचा. तिथे प्रोग्राम म्हणजे कव्वालीचा, त्यामुळे दोन लग्नघरची माणसं त्याच्याकडे लाउडस्पीकर ठरवायला येऊन गेली होती. आईनं, मीराबाईनं, तिसऱ्यांना दारातूनच सांगितलं, की आमचा पोरगा बिनआवाजाचे प्रोग्राम करतो.

मोजण्याचा नाद त्याला लहानपणापासून होता. बी.एस्सी.ला संख्याशास्त्र घेतल्यावर त्या नादाला सर्टिफिकेट मिळालं, एवढंच. घरापासून बसथांब्यापर्यंत अकराशे बेचाळीस पावलं होती. परत येताना ती अकराशे साठ व्हायची आणि या अठरा पावलांनी त्याला आठवडाभर छळलं होतं. शेवटी दमल्यावर पाऊल आखूड पडतं हे ध्यानात आलं तेव्हा तो रस्त्यात एकटाच हसला होता.

बहात्तर सालच्या नोव्हेंबरात गिरणीच्या तक्त्यांबरोबर मुंबईहून एक चिठ्ठी आली. कॉम्प्युटर केंद्राच्या प्रमुख मालतीबाईंनी लिहिलं होतं, 'तुमच्या ओळी स्वच्छ असतात. महिन्यातून तीन मिनिटं यंत्र मोकळं असतं. स्वतःचं काही करून पाहायचं असेल तर पाठवा.'

तीन मिनिटं. हिलालनं चिठ्ठी चार वेळा वाचली. तीन मिनिटांत ते यंत्र जेवढ्या बेरजा करील तेवढ्या करायला त्याला तीन जन्म पुरले नसते. पण विचारायचं काय? अलादीनला दिवा सापडावा आणि मागणं सुचू नये, तशी त्याची गत झाली. ताऱ्यांबद्दल विचारावं, तापी नदीच्या पुराबद्दल विचारावं, की क्रिकेटबद्दल? बसमध्ये तो शेजारच्यांना विचारू लागला, की तुम्हाला एकच प्रश्न विचारायला मिळाला तर काय विचाराल. एकानं जागा बदलली.

प्रश्न घरातच होता, मोरीत पाय धूत. त्याचे वडील काशीराम बमरोलीच्या कारखान्यात यंत्रमाग चालवायचे. सकाळी सात ते संध्याकाळी सात, चार माग, मधे अर्धा तास भाकरीला. एकवीस वर्षं. संध्याकाळी घरी यायचे ते कानात सुताचा कापूस, भुवयांवर सुताचा कापूस, आणि मोरीत बसून पाय धुताना गुणगुणायचे. बारा तास उभं राहून आलेला माणूस गुणगुणतो कसा? आणि त्या बारा तासांत त्याच्या आत काय होतं?

"आबा," हिलाल म्हणाला, "सकाळची नाडी नि संध्याकाळची नाडी मोजायची. तुमची एकट्याची नाही, कारखान्यातल्या सगळ्यांची. महिनाभर."

"कसाले?" आबा म्हणाले.

"काम माणसाला काय करतं ते कळेल."

"ते तर आपण न मोजताबी सांगस," आबा म्हणाले, पण त्यांचे डोळे चमकले. मोजण्याचा नाद हिलालला कुठून आला, हा प्रश्न आईनं कधी विचारला नव्हता.

कारखान्यात एकोणीस विणकर होते. हिलालनं एकोणीस ओळींचे कागद आखून दिले. नंबर, वय, सकाळी आठची नाडी, संध्याकाळी सहाची नाडी. आणि शेवटचा रकाना: कामात समाधान किती, एक ते पाच. आबांनी विचारलं, सहा चालतील का. हिलाल म्हणाला, चौकोन एक आहे, त्यात एक आकडा मावतो. "मंग नऊ भर," आबा म्हणाले आणि विषय संपला. त्यांचा शेजारच्या मागावरचा दोस्त पोपट यानं विचारलं, "शेठ वाचणार आहे का हे?" नाही म्हटल्यावर तो म्हणाला दोन, आणि चहा पिऊन आल्यावर म्हणाला, "भो, तीन कर."

पुढचे सव्वीस दिवस आबांनी हे काम असं केलं, की जणू सरकारनं नेमलं आहे. एकही चौकोन रिकामा नव्हता. एकदा कारखान्याचे मालक मगनभाई मधूनच आत आले, तर काशीराम एकाचं मनगट धरून उभा आणि पोपट हात वर करून उभा. "आ शूं चाले छे?" त्यांनी विचारलं. आबा मोजता मोजता डोळ्यांनीच थांबा म्हणाले. मगनभाई थांबले. मग त्यांनी स्वतःचंही मनगट पुढे केलं, आणि त्यांचे सकाळ-संध्याकाळचे आकडे आबांनी समासात लिहिले.

आकडे मुंबईला गेले. वीस जानेवारीला, गुरुवार उलटून दोन दिवसांनी, उत्तर आलं. हिलालनं प्रोग्राममध्ये सोय केली होती, की ज्याची संध्याकाळची सरासरी पंच्याऐंशीच्या वर जाईल त्याच्या ओळीपुढे चांदणी छापावी. कागद उलगडला तर तेरा चांदण्या. सातव्या ओळीत आबा होते. सकाळी त्र्याहत्तर, संध्याकाळी सत्त्याऐंशी. आणि चांदणी.

त्यानं हे घरी सांगायला नको होतं. पण पोटात ठेवील तो हिलाल कसला. जेवताना सांगून बसला.

मीराबाईनं भाकरी तव्यावरच ठेवली. तिच्या भावानं, सुपडूमामानं, पलसाण्याच्या एका कारखान्याच्या फाटकावर राखणदाराची जागा कधीची धरून ठेवली होती. स्टूल, सावली आणि पंखा. आबा दरवेळी म्हणायचे, स्टुलावर बसून माणूस काय करतो? दोन वर्षांपूर्वी त्यांच्या कारखान्यातला एक जण दुपारी चालता चालता खाली बसला तो उठला नव्हता, आणि मीराबाई तेव्हापासून रोज सातनंतर दाराकडे कान लावून बसायची. पाय धुतानाचं गुणगुणणं ऐकू आलं की मगच चूल पेटवायची. हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं.

"कागदनी सांगं ना?" ती म्हणाली. "मंग एक तारीखपासून स्टूल. माले शब्द द्या."

आबांनी कागदाकडे पाहिलं, हिलालकडे पाहिलं. कागदावर त्यांनीच मोजलेले आकडे होते. स्वतःच्या मोजणीला खोटं कसं म्हणणार? त्यांनी शब्द दिला. दुसऱ्या संध्याकाळी आणि तिसऱ्याही संध्याकाळी मोरीतून नुसता पाण्याचा आवाज आला.

गल्लीत तर कहर झाला. तेरा चांदण्यांच्या तेरा घरी हृदयाला बरा म्हणून लसूण सुरू झाला. पोपटच्या बायकोनं, सुंदरानं, त्याच्या विड्या चुलीत घातल्या. सकाळी बसथांब्यावर पोपट हिलालला म्हणाला, "तुझ्या कॉम्प्युटरला लगीन कर म्हणावं, मग चांदण्या दिसतील त्याला."

हिलाल हसला नाही. तो दोन दिवस त्या कागदात तोंड खुपसून होता. आबा आणि स्टूल हे दोन शब्द एका वाक्यात बसत नव्हते. आबा चारही माग डोळे मिटून ओळखायचे, तिसऱ्याचा धागा तुटणार हे तुटायच्या आधी त्यांना कळायचं. मग त्याच्या लक्षात एक गंमत आली. आबांचा संध्याकाळचा आकडा सकाळपेक्षा सहाव्या हिश्शाहून थोडा जास्तच वाढलेला होता. पोपटचाही तेवढाच. एकोणीस वर्षांच्या पोराचाही तेवढाच, साठीच्या म्हाताऱ्याचाही तेवढाच. स्टुलावर बसून ज्यानं दिवस काढला त्या मगनभाईंचाही तेवढाच. हिलालनं आकडे पुन्हा ताडून पाहिले. माणसं इतकी एकमताची नसतात. हृदयं तर नसतातच.

दुसऱ्या दिवशी तो गिरणीतून लवकर निघाला आणि सहाच्या आधी बमरोलीला पोचला. कारखान्यात बोललेलं ऐकू येत नाही. शहात्तर माग एकदम खडखडत होते आणि जमिनीचा कंप दातांत उतरत होता. हिलालनं स्वतःच्या मनगटावर बोटं ठेवून कसं मोजता ते विचारलं; आबा खुणेनं म्हणाले, बघ आता कसं मोजतो. त्यांनी एका विणकराचं मनगट धरलं. पोपट मागाच्या कडेला उभा राहिला, आडवा धागा घेऊन इकडून तिकडे पळणाऱ्या धोट्याकडे नजर लावून, आणि त्यानं एक हात वर केला. हात खाली आला की मिनिट संपलं, असं ठरलेलं असावं. हिलालनं भिंतीवर घड्याळ शोधलं. घड्याळ नव्हतं. घड्याळाचा खिळा होता.

तेवढ्यात वीज गेली.

शहात्तर माग एका दमात गप्प झाले. पोपट हात वर ठेवून तसाच उभा. आबांनी मनगट सोडलं आणि शांतपणे म्हणाले, "लाइट गई. मिनिट बी गयं. परत लेऊत."

"मिनिट कसं जाईल?" हिलालनं विचारलं.

"अरे, धोटा थांबला ना," पोपट म्हणाला. "एकशेसाठ फेऱ्या म्हणजे एक मिनिट. मी चार-चारानं मोजतो. चाळीस झाले की हात खाली. एकवीस वर्षं झाली, माग मिनिटाला एकशेसाठ मारतो. तुझ्या घड्याळाला चावी लागते, याला लागत नाही."

"आणि भिंतीवरचं घड्याळ?"

"शेठनं काढलं. आम्ही बघतो म्हणून."

हिलाल सुताच्या पेटीवर बसला. मग उठला. मग परत बसला. त्याला बोलायचं होतं आणि हसायचंही होतं आणि दोन्ही एकाच दारातून बाहेर पडू पाहत होतं. वीज आली तसा तो धावत आबांच्या पहिल्या मागापाशी गेला, मनगटावरचं घड्याळ डोळ्यांसमोर धरलं आणि धोट्याच्या फेऱ्या मोजू लागला, चार-चारानं. साठ सेकंदांत चौतीस चौके. एकशे छत्तीस. दुसऱ्या मागावर एकशे पस्तीस. तिसऱ्यावर एकशे सदतीस. पोपटच्या मागावर पुन्हा एकशे छत्तीस.

संध्याकाळी घरोघरी दिवे लागतात, रंगाईच्या गिरण्या जोरात असतात, विजेचा दाब उतरतो, माग मंदावतात. धोटा एकशेसाठ फेऱ्या मारेपर्यंत मिनिटावर दहा सेकंद उलटून गेलेली असतात. आणि काशीराम इमानेइतबारे सत्तर सेकंदांची नाडी मोजून मिनिटाची म्हणून लिहितात. सत्त्याऐंशी गुणिले एकशे छत्तीस भागिले एकशेसाठ. त्यानं बॉबिनच्या खोक्यावर खडूनं गणित केलं. चौऱ्याहत्तर. सकाळी त्र्याहत्तर, संध्याकाळी चौऱ्याहत्तर.

बारा तासांचा खडखडाट अंगावर घेऊन या माणसाची नाडी एका ठोक्यानं वाढत होती. हिलालनं खोकं उचललं आणि आबांच्या तोंडासमोर धरलं. तो नाचत होता असं पोपट पुढे कित्येक वर्षं सांगायचा. हिलालच्या मते तो फक्त एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत होता.

"संध्याकाळले माग जड चालस," आबा म्हणाले, "हाई काय कॉम्प्युटरले इचारानं शे?"

"तुम्हाला ठाऊक होतं? मग सांगितलं का नाही?"

"तू नाडीनं इचारं. मागनं कोठे इचारं?"

घरी मात्र गणित चाललं नाही. मीराबाईनं खोक्याकडे पाहिलंसुद्धा नाही. खोक्यावर बापलेक काहीही लिहितील. "कागदनी सांगं," ती म्हणाली, "आते कागदच सांगू दे." तिनं तो चांदण्यांचा कागद डब्याखाली नीट घडी करून ठेवला होता. एक तारखेला आठ दिवस होते. गुरुवारच्या कागदाची वाट पाहिली असती तर तो नेमका एक तारखेलाच आला असता, आणि तोवर आबा स्टुलावर.

तीन संध्याकाळी हिलालनं घड्याळ लावून माग मोजले. एकशे पस्तीस, सदतीस, छत्तीस. खात्री पटल्यावर त्यानं रजा काढली आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं मुंबई गाठली. खिशात एकच ओळ होती.

मालतीबाई पन्नाशीच्या, चष्म्याला दोरी लावलेल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे कॉम्प्युटर चुकला असं घरी सांगितलंत तुम्ही?"

"नाही. मी चुकलो असं सांगितलं. मोजलं कसं हे न विचारता मी आकडे घेतले."

"बरं केलंत. माणसं सहसा यंत्राचं नाव सांगतात. किती कार्डं बदलायची?"

"एक."

त्यांनी चष्मा वर केला. सव्वीस दिवस, एकोणीस माणसं, जवळजवळ हजार आकडे, आणि चूक एका कार्डात मावत होती. संध्याकाळचा आकडा घ्यावा, एकशे छत्तीसनं गुणावा, एकशेसाठनं भागावा. त्या उठल्या आणि त्याला आतल्या खोलीत घेऊन गेल्या.

तर हा कॉम्प्युटर. राखाडी रंगाची कपाटं, थंडगार हवा, फिरणाऱ्या चकत्या, आणि एका कोपऱ्यात कार्डं गिळणारं तोंड. एवढ्या दिवसांचा हा ओळखीचा माणूस असा दिसत असेल, असं त्याला वाटलं नव्हतं. खोली बारीक थरथरत होती. बमरोलीसारखीच, फक्त फार हळू. न राहवून हिलालनं एका कपाटाला तळहात लावला.

"ताप नाही त्याला," मालतीबाई म्हणाल्या. "कार्ड द्या."

कागद छापून यायला चाळीस सेकंद लागले. ते हिलालनं स्वतःच्या घड्याळावर मोजले.

घरी तो दिवेलागणीला पोचला. आबा नुकतेच आले होते. मीराबाईनं जुना कागद डब्याखालून काढला, नवा शेजारी पसरला. तिला वाचता येत नव्हतं, पण ओळी मोजता येत होत्या. तिचं बोट एकापासून सातापर्यंत खाली आलं आणि उजवीकडे सरकत सरकत कागदाच्या काठापर्यंत गेलं. काठावर काही नव्हतं. तिनं कागद उजेडाला धरला, मागून पाहिला. मग बोट पुन्हा वरून खाली नेलं. साऱ्या कागदावर एकच चांदणी उरली होती, अकराव्या ओळीत.

"हाई कोन?"

"पोपटकाका. त्यांची सकाळीही एक्क्याण्णव आहे, संध्याकाळी ब्याण्णव. पहिल्या वेळी तेरा चांदण्यांत ती लपली होती. मी त्यांना उद्या डॉक्टरांकडे नेतो."

"म्हणजे सुंदरानं विड्या बरोबर जाळ्या," मीराबाई म्हणाली. चूल पेटवायला वळली, आणि वळता वळता नवऱ्याला म्हणाली, "सुपडूले मी सांगस. स्टूलवर तोच बसू दे."

आबा उठले. मोरीत गेले. पाण्याच्या आवाजात हळूच गुणगुणणं मिसळलं आणि मीराबाईच्या हातातली काडी पहिल्या झटक्यात पेटली.

जेवणं झाल्यावर तिनं हात पुसला आणि मनगट पुढे केलं. "एकोनीस मानसं मोजी. आते मनी मोज."

हिलालनं घड्याळ काढलं, पण आबांनी मान हलवली. त्यांनी तिचं मनगट धरलं आणि हिलालला म्हणाले, "तू ठोके मोज, मी मिनिट मोजस." आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी गुडघ्यावर ठोका धरला, डोळे मिटून, चार-चारानं. घरात माग नव्हता, वीज मंद होती. चाळिसाव्या चौक्याला बोटं थांबली. हिलालनं एक हात आईच्या मनगटावर ठेवून दुसऱ्या हातातल्या घड्याळाकडे पाहिलं. साठ सेकंद. त्याला खरं वाटेना, म्हणून पुन्हा मोजायला लावलं. पुन्हा साठ. तिसऱ्यांदा साडेएकोणसाठ, तेव्हा आबा म्हणाले, तुझ्या घड्याळाला चावी दे.

"माय, शहात्तर," हिलाल म्हणाला. त्यानं एकोणीस ओळींच्या खाली विसावी ओळ आखली आणि शेवटच्या रकान्यावर पेन्सिल टेकवली. "कामात समाधान किती? एक ते पाच. आबांनी नऊ सांगितले होते."

मीराबाईनं खरकट्या भांड्यांकडे पाहिलं, मग दोघांकडे.

"आते तू नि तुना आबा, दोन्हीजन बाहेर निंघा," ती म्हणाली. "मंग इचार करीसन सांगस."